स्फटिकाचं वर्णन: विकताना काय लिहाल, घेताना काय वाचाल

पनवेल, उरण, कर्जत, खोपोली या पट्ट्यातले वाचक एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. घरात माळ्यावर स्फटिकांची पेटी आहे. कुणाचे वडील क्वॉरीवर मुकादम होते, कुणाच्या काकांचा क्रशर होता. सुरुंग उडाल्यावर कातळाच्या पोकळीतून निघालेले चमकदार तुकडे त्यांनी हौसेनं जपले. आता ते संग्राहकांना दाखवायचे किंवा विकायचे आहेत, पण लिहायचं काय? दुसऱ्या बाजूला आहेत घेणारे. ‘दुर्मीळ हिरवा नॅचरल क्रिस्टल, अतिशय सुंदर, ४०० ग्रॅम’ एवढ्या ओळीवर त्यांनी पैसे भरले आणि हाती आला तो चिकटवलेला तुकडा.

त्या ओळीत कामाची गोष्ट एकच आहे: वजन. सुंदर आहे की नाही हे फोटो सांगतो. दुर्मीळ आहे की नाही हे घेणारा ठरवतो, आणि त्याला ते बहुधा तुमच्यापेक्षा जास्त कळतं. संग्राहकासाठी लिहिलेलं वर्णन म्हणजे कौतुक नव्हे, पंचनामा. पुढचं सगळं त्याच हिशेबानं वाचा.

आधी ठिकाण, मग नाव

बहुतेक जण उलटं करतात. नाव शोधण्यात आठवडा घालवतात आणि ठिकाणाच्या जागी ‘महाराष्ट्र’ लिहून मोकळे होतात. खनिजाचं नाव चुकलं तर पन्नास वर्षांनीही कुणीतरी तपासून दुरुस्त करील. ठिकाण मात्र दगडावर लिहिलेलं नसतं. ते सांगणारा माणूस गेला की ते गेलं, आणि ठिकाणाविना नमुन्याची किंमत गंभीर संग्राहकाच्या लेखी शोभेच्या वस्तूइतकीच उरते.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून तयार झाला. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे आहेत, पण पनवेलच्या आसपास ते पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला वाकून कलले आहेत. या वाकाला भूशास्त्रात पनवेलचंच नाव आहे, भूशास्त्रज्ञ जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये त्याला ‘पनवेल फ्लेक्चर’ म्हटलं. तुमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की, एकमेकांपासून किलोमीटरभर अंतरावरच्या दोन खाणी वेगवेगळ्या थरांत असू शकतात आणि त्यांतले स्फटिकही वेगळे निघू शकतात. नुसतं ‘पनवेल’ लिहून भागत नाही.

ठिकाण लिहिताना लहानाकडून मोठ्याकडे या:

- खाण, बोगदा, विहीर किंवा रस्त्याची कापणी, म्हणजे नेमकी जागा
- गाव किंवा पाडा
- तालुका, जिल्हा, राज्य, देश
- जागा अजून शाबूत असेल तर मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश
- नमुना मिळाल्याचं वर्ष. नक्की आठवत नसेल तर ‘१९९० च्या आसपास’ असं

अक्षांश-रेखांश हा हौशी थाट नव्हे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली गेली. त्या टेकडीतून निघालेल्या तुकड्याची जागा आता बोटानं दाखवता येणार नाही. इतर अनेक खाणीही बुजल्या, पाण्यानं भरल्या किंवा त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. ज्यांच्या घरात कुणी जुनं जाणतं माणूस आहे, त्यांनी पेटी उघडून त्यांच्याशेजारी बसावं आणि एकेक तुकडा हातात देऊन विचारावं. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

जुन्या चिठ्ठ्या वाचताना काही नावं हमखास चकवतात:

- कुलाबा. जुन्या लेबलावरचा ‘कुलाबा’ म्हणजे मुंबईचं टोक असेलच असं नाही. रायगड जिल्ह्याचं १९८१ पर्यंतचं नाव कुलाबाच होतं. पनवेल तर १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या चिठ्ठीवर ‘ठाणा’ दिसलं तर दचकू नका.
- भोर घाट. इंग्रजांनी बोर घाटाचं स्पेलिंग असं केलं की वाचणारा भोर गावाकडे जातो. १८५६ ते १८६३ या काळात तिथे रेल्वेचं काम चाललं होतं आणि बोगद्यांतून निघालेले झिओलाइट परदेशातल्या संग्रहालयांत पोचले. त्यांचा भोर तालुक्याशी संबंध नाही.
- पूना, बॉम्बे, जळगाव. ही पुष्कळदा माल विकला गेला त्या बाजाराची नावं असतात, निघाला त्या जागेची नव्हेत. दुसरा पुरावा नसेल तर ‘लेबलावर: पूना’ असं लिहा. ‘पुणे शहर’ अशी त्याची सुधारणा करू नका.
- बदललेली जिल्हानावं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. दोन्ही नावं लिहा.

ठिकाण माहीत नसेल तर ‘ठिकाण अज्ञात’ लिहा. अंदाजानं चांगल्या खाणीचं नाव जोडणं ही या व्यवहारातली सर्वांत वाईट खोड आहे, कारण एकदा छापलेली चूक पुढचे सगळे लोक खरी मानून उतरवून घेतात.

नाव: डोळ्यांना दिसतं तेवढंच

आपल्याकडे ‘झिओलाइट’ हा शब्द सरसकट वापरला जातो. स्टिल्बाइट, हुलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट, लॉमोंटाइट, चॅबाझाइट हे झिओलाइट. पण अपोफिलाइट, प्रेहनाइट, ऑकेनाइट, गायरोलाइट, कॅल्साइट आणि क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, हे त्याच पोकळीत शेजारी सापडले तरी झिओलाइट नव्हेत. वर्णनात ही चूक दिसली की जाणता संग्राहक पुढचं वाचतच नाही.

घरच्या घरी करता येण्यासारख्या खुणा:

- अपोफिलाइट की क्वार्ट्झ? अपोफिलाइटचा दांडा चौकोनी, त्याच्या बाजूंवर उभ्या बारीक रेघा, आणि टोक सपाट असेल तर त्यावर मोत्यासारखी चमक. क्वार्ट्झ सहा बाजूंचा, रेघा आडव्या. क्वार्ट्झची कठीणता ७, तो काच सहज ओरखडतो, अपोफिलाइटची ४.५ ते ५.
- स्टिल्बाइट की हुलँडाइट? स्टिल्बाइटच्या पात्या मधे आवळून बांधलेल्या पेंढीसारख्या दोन्ही टोकांना पसरतात. हुलँडाइटचा स्फटिक मधे रुंद, टोकांना निमुळता, शवपेटीच्या आकाराचा, रुंद बाजूवर मोतिया चमक. दोन्हींची कठीणता ३.५ ते ४, त्यामुळे ओरखडून भेद कळत नाही.
- कॅल्साइट. कठीणता ३. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबानं फसफसतो. चाचणी मागच्या बाजूच्या सुट्या कणावरच करा. आम्ल अनेक झिओलाइटांनाही खातं. समोरच्या स्फटिकांवर थेंब पडला तर चमक कायमची गेली.
- सुयांचे झुबके. नॅट्रोलाइट, मेसोलाइट आणि स्कोलेसाइट डोळ्यांनी वेगळे सांगता येत नाहीत. ठामपणे सांगणारा विक्रेता भेटला तर त्याला चाचणीचा कागद मागा. कागद नसेल तर ‘स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट, डोळ्यांनी ओळख’ असं लिहा.

आणखी एक पेच. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेनं १९९७ मध्ये झिओलाइटांची नावं नव्यानं ठरवली आणि स्टिल्बाइट, हुलँडाइट, चॅबाझाइट यांच्यामागे त्यांतल्या प्रमुख धातूचं चिन्ह लावायला सांगितलं. पण तो धातू कोणता हे रासायनिक तपासणीशिवाय कळत नाही. तपासणी झालेली नसेल तर साधं ‘स्टिल्बाइट’ लिहिणं हेच प्रामाणिक आणि बरोबर. शास्त्रीय वाटावं म्हणून शेपूट लावू नका.

किमती किंवा शंकास्पद तुकड्याची एक्स-रे डिफ्रॅक्शन चाचणी करता येते. भूविज्ञान विभाग असलेल्या संस्थांत, उदाहरणार्थ आयआयटी मुंबईत किंवा जवळच्या महाविद्यालयात, आधी चौकशी करा. मागून काढलेली चिमूटभर पूड पुरते. शंभर-दोनशे रुपयांच्या तुकड्यासाठी हा खटाटोप करू नका. नजर तयार करायची असेल तर सिन्नरच्या मालेगाव औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय पाहा. २००१ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात दख्खनचे झिओलाइट नावांसकट मांडलेले आहेत.

मोजमाप

लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये, नमुना ज्या स्थितीत ठेवला जातो त्या स्थितीत. सर्वांत मोठ्या स्फटिकाचं माप वेगळं. वजन ग्रॅममध्ये. ‘तळहाताएवढा’ लिहू नका. साधारण अडीच सेंटिमीटरच्या चौकटीत बसणारे तुकडे आणि पाच सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे असे वेगवेगळे वर्ग करून गोळा करणारे लोक आहेत. अर्ध्या सेंटिमीटरनं त्यांचा निर्णय बदलतो.

स्थिती: टवके आधी, चमक नंतर

सर्वाधिक भांडणं इथे होतात. परिपूर्ण नमुना जवळजवळ नसतोच, त्यामुळे टवका असणं हा गुन्हा नाही. तो न सांगणं हा आहे. दहा पट भिंग घ्या, जवाहिऱ्याकडे असतं तसं, आणि नमुना दिव्याखाली सावकाश फिरवा. सपाट पृष्ठांवरून परावर्तित प्रकाश सरकत जातो. जिथे तो तुटतो तिथे बहुधा टवका असतो.

- टवका किंवा मोडलेलं टोक: कुठल्या स्फटिकाला, किती मिलिमीटर.
- तडा: वरवरचा की आरपार. अपोफिलाइट सपाट टोकाला समांतर सहज दुभंगतो, त्यामुळे त्यातली आडवी चीर तपासाच.
- संपर्काची खूण: वाढताना दुसऱ्या स्फटिकाला टेकल्यामुळे राहिलेली खोबण. हे नुकसान नव्हे, पण वेगळं लिहा, नाहीतर घेणारा त्याला टवका समजतो.
- जोडणी: निखळलेला मूळ स्फटिक त्याच जागी चिकटवलेला.
- भरणी: नसलेला भाग राळेनं घडवलेला. जोडणी आणि भरणी यांत किमतीचा मोठा फरक पडतो. दोन्हींना ‘थोडी दुरुस्ती’ म्हणून झाकू नका.
- साफसफाई: आम्ल, तेल, वार्निश, जे लावलं असेल ते.

लॉमोंटाइटबद्दल खास सूचना. खाणीतून काढल्यावर हवेत त्यातलं पाणी उडतं आणि स्फटिक पांढरा पडून भुगा होऊ लागतो. आज घट्ट दिसणारा तुकडा पुढच्या उन्हाळ्यात बोटानं चुरगळू शकतो. विकत असाल तर वर्णनात हे लिहा. घेत असाल तर विचारा. ऑकेनाइटचे कापसासारखे गोळे आणि मॉर्डेनाइटचे केस धुऊ नका, फुंकर मारू नका, बोट लावू नका. दबलेला धागा पुन्हा उभा राहत नाही.

रंग आणि गोंद: फसवणुकीच्या ठरलेल्या जागा

ऑकेनाइट पांढराच असतो. गुलाबी, निळा, पोपटी गोळा दिसला तर तो रंगवलेला आहे, मग विक्रेता काहीही शपथ घेवो. पुण्याजवळच्या वाघोलीचा कॅव्हान्साइट खरोखरच गडद निळा असतो आणि महागही, म्हणून त्याचे सुटे गोळे वेगळ्याच दगडावर चिकटवून विकले जातात. गोळ्याचं बूड भिंगातून पाहा. स्फटिक दगडातून वाढलेला असेल तर तिथे लहान-मोठे शेजारी असतात. चिकटवलेल्या गोळ्याभोवती चकचकीत कडा, अडकलेली धूळ किंवा दगडाची मुद्दाम पेरलेली पूड दिसते. अतिनील टॉर्चखाली अनेक गोंद निळसर उजळतात. पण काही कॅल्साइटही उजळतात, तेव्हा एवढ्यावरून आरोप करू नका.

‘घरात ठेवल्यास धनलाभ’, ‘चक्रशुद्धी’ अशी वाक्यं वर्णनात घालू नका. ती वाचून येणारं गिऱ्हाईक वेगळं, आणि संग्राहक ती वाचून जातो.

लिहून झाल्यावर असं दिसावं

समजा, तुमच्याकडे काकांनी दिलेला एक तुकडा आहे. त्याचं वर्णन असं होईल:

*स्टिल्बाइट, सोबत हुलँडाइट आणि थोडा क्वार्ट्झ, बेसाल्टवर. बंद पडलेली दगडखाण (गाव लिहा), ता. पनवेल, जि. रायगड, महाराष्ट्र, भारत. १९९५ च्या सुमारास खाणीवर काम करणाऱ्या नातेवाइकाकडून. ९.५ × ६ × ४ सेंमी. सर्वांत मोठी स्टिल्बाइट पेंढी ३.२ सेंमी. वजन ३१० ग्रॅम. स्टिल्बाइट फिकट पीच रंगाचा, अर्धपारदर्शक, मोतिया चमक. उजवीकडच्या पेंढीच्या टोकाला २ मिमी टवका. मागे संपर्काच्या खुणा. जोडणी नाही. फक्त पाण्यानं धुतलेला. खनिजांची ओळख डोळ्यांनी.*

एकही विशेषण वाया गेलेलं नाही, आणि शेवटचं वाक्य सर्वांत जास्त विश्वास कमावतं.

फोटो दिवसाच्या उजेडात, साध्या करड्या पार्श्वभूमीवर, शेजारी पट्टी ठेवून काढा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि टवक्याचा एक जवळून. ओला करून किंवा तेल लावून काढू नका, रंग गडद करू नका.

प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या. मागच्या खडकावर पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका, त्यावर काळ्या शाईनं आकडा, वरून पारदर्शक नेलपॉलिश. तोच आकडा वहीत. जुनी चिठ्ठी फाटकी, चुकीची, मोडी किंवा इंग्रजी कशीही असो, ती तुकड्याबरोबरच राहिली पाहिजे. तुमची नवी चिठ्ठी तिच्याशेजारी ठेवा, तिच्या जागी नव्हे.

कुठून उचलता येतं, कुठून नाही

- महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार, अनुदानाच्या अटींत वेगळं नमूद नसेल तर, खनिजांवर राज्याचा हक्क आहे. सातबारा तुमच्या नावावर असला म्हणून खालचं खनिज आपोआप तुमचं होत नाही. विनापरवाना काढल्यास बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहनही जप्त होऊ शकतं. धंदा म्हणून हे करायचं असेल तर आधी तहसील कार्यालयात आणि अलिबागच्या जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे लेखी विचारा.
- चालू क्वॉरीत मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. परवानगी असली तरी सुरुंगानंतर लगेच कड्याखाली जाऊ नका. सैल झालेला कातळ तासाभरानंही कोसळतो.
- कर्नाळा पक्षी अभयारण्यातून आणि कुठल्याही वनजमिनीतून एक खडाही आणू नका. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या व्याख्येत वनातले खडक आणि खनिजं हेही वनोपज आहेत.

घेणाऱ्यानं पावती मागावी, आणि पावतीवर नुसतं ‘स्टोन’ न लिहिता नाव, ठिकाण, माप आणि ‘जोडणी आहे किंवा नाही’ एवढं लिहून घ्यावं.

वर्णन खोटं निघालं तर

वर्णनात ‘नैसर्गिक रंग’ आणि हातात रंगवलेला गोळा, हे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कक्षेत येतं. मात्र तुम्ही स्वतःच्या संग्रहासाठी घेतलेलं असलं पाहिजे. पुन्हा विकण्यासाठी घेतलं असेल तर कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही ग्राहक नाही.

- पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. वाहतुकीत तुटलं की आधीच तुटलं होतं, हा वाद तिथेच मिटतो.
- विक्रेत्याला लेखी कळवा. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. हौस म्हणून एखादाच तुकडा विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू होत नाहीत, म्हणून समोर कोण आहे ते आधी पाहा.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता जयपूरचा असला तरी. रायगडकरांसाठी हा आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. आयोगासमोर तुमचा मुख्य पुरावा म्हणजे विक्रेत्यानं लिहिलेलं वर्णन, आणि ऑनलाइन मजकूर तो केव्हाही बदलू शकतो. तेव्हा वर्णनाचा आणि सगळ्या फोटोंचा स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधी काढून ठेवा.